ट्रिप होणारा पंप

रावसारांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात होता आणि डाव्या हातात कॉफीचा पेला होता. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीतली एक अरुंद, लांबट शेड. पत्र्याखाली लाकडी फळ्यांचा चौथरा, त्यावर काचेची मोठी टाकी आणि टाकीच्या तळाशी गुरगुरणारा मुठीएवढा पंप. एक गलेलठ्ठ केशरी गोल्डफिश त्यांच्या बोटांना ढुशा देत होता. नोकरीसाठी आलेय, असं मी दारातूनच सांगितलं. त्यांनी हात बाहेर न काढता फक्त मान वळवली.

"तुज पोहतां येतें?"

"नाही."

"असूंदे. मज पण येत नाहीं. सोमवारीं ये."

झाली मुलाखत.

मी इस्लामपूरची. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेला. लग्न होऊन चेन्नईला गेले ते दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला. नवरा इरुंगाट्टुकोट्टैला मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात होता. सकाळी कंपनीची बस त्याला घेऊन जायची आणि दिवेलागणीनंतर आणून सोडायची. मधला सगळा दिवस मी आदंबाक्कमच्या भाड्याच्या घरात गप्प बसून काढायचे. भाजीवाली, दूधवाला, घरमालकीण, सगळ्यांशी नुसते हातवारे. अशात नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं, की गिंडीत एक म्हातारे गृहस्थ आहेत, माशांच्या टाक्यांना लागणारे पंप बनवतात आणि घरात मराठी बोलतात. खरं सांगायचं तर मी पंपांसाठी गेलेच नाही, मराठीसाठी गेले.

पण ती मराठी! त्यांचं घराणं तंजावरचं. कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेलं, आणि जाताना जी भाषा बरोबर नेली ती तशीच जपून वापरलेली. मधेमधे तमिळ शब्द मिसळलेले आणि बोलण्याला तमिळ हेल. 'हवं' याला ते 'होणें' म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी "काफी होणें का?" असं विचारलं, तेव्हा कॉफीचं काय होणार आहे ते मला कळेना. त्यांना उलट माझीच भाषा बिघडलेली वाटायची. "तुम्ही तिकडचे लोक सगळी हिंदी बोलतां," ते म्हणायचे. "माझ्या आजीनें ऐकलें असतें तर तुज पोटभर वाढलें असतें, आणि मग आंत जाऊन रडली असती."

तिकडे मराठी माणूस म्हणजे राव आणि मालक म्हणजे सार. शेडमध्ये कामाला असलेल्या बायका दोन्ही जोडून त्यांना रावसार म्हणत. मीही तेच म्हणू लागले. कायम पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडचं लुंगीसारखं धोतर, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं आणि त्यांच्या मधोमध टेस्टर. कुरियरवाला सही मागायला आला की बऱ्याचदा आधी टेस्टरच बाहेर यायचा.

कुणाच्याही घरी गेले की माणसांकडे बघायच्या आधी ते वर, मीटरच्या बोर्डाकडे बघत. यजमान हात जोडून उभे आणि हे मान वर करून भिंत न्याहाळताहेत, असं दृश्य मी कितीदा तरी पाहिलं. एकदा एग्मोरच्या एका मंगल कार्यालयात त्यांच्या नात्यातलं लग्न होतं. मलाही बोलावलं होतं. मुहूर्त जवळ आला आणि रावसार गायब. शोधायला गेले तर हे मंचामागे पालथे पडलेले, रेशमी वेष्टी धुळीत, आणि हातात दिव्यांच्या माळेची वायर. मंचाच्या पुढे शोभेचं कारंजं लावलं होतं आणि माळेचा एक उघडा जोड त्याच्या पाण्यात लोंबत होता. त्यांनी हात लांबवून सरळ मेन बंद केला. माळा गेल्या, कारंजं गेलं, सनईसारखा तो नादस्वरम् तेवढा चालू राहिला. मुलीचा मामा धावत आला.

"लग्नाच्या मांडवात दिवे कसले बंद करता?"

"मुलगी नांदायला जायची आहे ना?" रावसार पालथे पडल्यापडल्याच म्हणाले. "मग जाऊंद्या तिला."

जोड सुकवून, चिकटपट्टी लावून, वर बांधून झाल्यावरच त्यांनी दिवे सुरू होऊ दिले. मग कपडे झटकून पंगतीला बसले आणि पायसम दोनदा मागून घेतलं. मामा शेवटपर्यंत त्यांच्याशी बोलला नाही. याचं त्यांना काहीच वाटलं नाही.

मला वाटायचं, या माणसाच्या आयुष्यात नक्की काहीतरी घडलं असणार. घरातलं कुणीतरी शॉक लागून गेलं असणार, त्याशिवाय माणूस असा होत नाही. एकदा जेवणाच्या सुट्टीत धीर करून विचारलं. त्यांनी दहीभात कालवता कालवता माझ्याकडे पाहिलं.

"नाहीं. सगळे आपापल्या वेळेस, आपापल्या आजारानें गेले." मग घास उचलता उचलता म्हणाले, "कोणी मरावें लागतें काय, इतका विचार करायला?"



पण या एवढ्या काळजी करणाऱ्या माणसाची स्वतःची एक समजूत साफ चुकीची होती. ती मला कामाला लागल्यावर चार दिवसांतच दिसली. नवा माल तयार झाला, की त्यातला एकेक पंप टाकीत सोडून सुरू करायचा आणि स्वतःचा हात पाण्यात घालायचा, ही त्यांची तपासणी. झिणझिण्या आल्या नाहीत तर पंप पास. टाकीतल्या गोल्डफिशचं नाव त्यांनी इन्स्पेक्टर ठेवलं होतं. "मी खोटें बोलेन, इन्स्पेक्टर बोलणार नाहीं," असं ते व्यापाऱ्यांना सांगत. कित्येक वर्षं हा प्रकार चालला होता आणि आपल्या पंपाबद्दल त्यांना देवावर असावी तशी खात्री होती.

मी त्यांना म्हटलं, "सर, तुम्ही चौथऱ्याच्या लाकडी फळीवर उभे असता. पायात रबरी चपला. पाण्यात करंट उतरला तरी तुमच्या अंगातून जमिनीपर्यंत जायला त्याला वाट कुठे आहे? तुम्हाला तो कळणार कसा?"

"आणि इन्स्पेक्टर?"

"तो तर पूर्ण पाण्यातच आहे. तारेवर बसलेल्या कावळ्याला काही होतं का?"

 त्यांचा हात पाण्यातच होता, पंप चालू होता. मग त्यांनी शांतपणे डाव्या पायातली चप्पल काढली. उजव्या पायातली काढली. आणि चौथऱ्याखालच्या ओल्या सिमेंटवर ठेवायला त्यांनी एक पाय उचलला.

मी ओरडले की नाही ते मला आठवत नाही. भिंतीवरचा मेन खाली ओढला हे मात्र आठवतं. शेडमधले पंखे मंदावत थांबले, तार गुंडाळायचं वाइंडिंगचं यंत्र थांबलं, बायका माना वळवून बघायला लागल्या. रावसार एक पाय अधांतरी धरून उभे होते.

"कां बंद केलेंस?"

"भीती वाटली, सर."

"म्हणजे माझ्या पंपाची तुज खात्री नाहीं."

"नाही."

त्यांनी हात बाहेर काढला, टॉवेलने पुसला, चपला घातल्या आणि ते आपल्या खोलीत गेले. पुढचे दोन-तीन दिवस ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. नोकरी गेली, असं मी नवऱ्याला सांगूनही टाकलं.

मग एका सकाळी ते बाजारातून ट्रिप स्विच घेऊन आले. ज्या वायरीने करंट आत जातो आणि ज्या वायरीने बाहेर येतो, त्या दोन्हींवर हा स्विच नजर ठेवून असतो. गेला तेवढा परत आला नाही, म्हणजे मधेच कुठेतरी पाण्यात, भिंतीत नाहीतर माणसात गळला, की हा पटकन पडतो आणि पुरवठा तोडतो. मी तो तपासणीच्या टेबलावर बसवला. टाकीच्या पाण्यात स्टीलची एक सळई सोडली आणि तिला जमिनीतल्या अर्थिंगची वायर जोडली, म्हणजे गळणाऱ्या करंटला जायला वाट मिळावी. इन्स्पेक्टरला आधी बादलीत काढला. सगळ्या बायका काम सोडून भोवती उभ्या राहिल्या.

पहिला पंप लावला. काही झालं नाही. रावसारांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. दुसरा लावला. टक्! स्विच पडला. तिसरा ठीक. चौथा, टक्. त्यानंतर त्या टक्चा आवाज येतच राहिला. बांधून ठेवलेल्या मालातले कितीतरी पंप त्या स्विचने पाडले.

रावसार एका खोक्यावर बसले. बादलीतल्या इन्स्पेक्टरकडे बघत म्हणाले, "इतकीं वर्षें मी मासळीस विचारत होतों. तिनें बापडीनें काय सांगावें?"

दोष सापडायला वेळ लागला नाही. पंपाच्या पोटात जिथे वायर शिरते तिथे राळेसारखं एक रसायन ओतून तोंड बंद करायचं असतं. चेन्नईच्या दमट हवेत ते नीट आळायच्या आधीच पंप पुढे सरकत होते. वरून कडक, आतून ओलं. तिथून केसाएवढ्या फटीतून पाणी आत जायचं. उपाय सोपा होता, पंप आणखी एक दिवस सुकू द्यायचे. पण विकून झालेल्या पंपांचं काय? मी हा प्रश्न मनात म्हणते आहे तोवर ते उठून स्कूटर काढायला गेलेसुद्धा होते.

दुकानं पालथी घालून त्यांनी आपला माल परत आणला. मी मागे बसलेली, मांडीवर खोकं. ब्रॉडवे बाजारातला आमचा सगळ्यात मोठा व्यापारी चक्रावून गेला. "सार, एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही हो!"

"तक्रार करायला गिऱ्हाईक उरायला पाहिजे," रावसार म्हणाले.

मग त्यांनी घरं शोधायला सुरुवात केली. दुकानदारांना कोण गिऱ्हाईक आठवतंय ते विचारायचं आणि त्या गल्लीत जायचं. दार उघडलं की लोकांना वाटायचं, माशांचे डॉक्टर आले. "मासे मजेत आहेत," असं कुणी म्हणालं की हे विचारायचे, "बरें. आणि तुम्ही?" जुना पंप काढून घ्यायचा, नवा द्यायचा, आणि टाकीच्या सगळ्या वायरी एका छोट्या बोर्डावर आणून त्यात ट्रिप स्विच बसवून द्यायचा. इथून पुढे पंप विकायचा तो या बोर्डासकटच, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. लोकांना समजावताना ते म्हणायचे, "हा म्हणजे मुलींच्या हॉस्टेलची वॉर्डन समजा. संध्याकाळीं जितक्या बाहेर गेल्या तितक्या परत आल्या पाहिजेत. एक जरी कमी, तरी गेट बंद." म्हाताऱ्या बायकांना हे लगेच पटायचं.

टाकीच्या प्रत्येक वायरीला पोट सोडायचं, हा त्यांचा दुसरा हट्ट. म्हणजे वायर ताठ प्लगपर्यंत न नेता आधी खाली लोंबती सोडायची, मग वर न्यायची. काचेवरून ओघळलेलं पाणी त्या पोटापाशी येऊन जमिनीवर ठिबकतं, प्लगात शिरत नाही. बारीक माणसाकडे बघून ते म्हणायचे, "वायरीस आहे, ह्यास नाहीं."

एवढं सगळं केलं आणि धंदा बसायला लागला. कारण सरळ होतं. घरोघरी आमच्या पंपाबरोबर ट्रिप स्विच गेला, आणि त्या टाक्यांमध्ये आधीपासून जे जे गळत होतं ते सगळं तो दाखवायला लागला. कुणाच्या झाकणातल्या ट्यूबलाइटला ओल आलेली, कुणाच्या हीटरची काच तडकलेली. स्विच पडायचा आणि बोल आमच्या पंपाला लागायचा. दुसऱ्या कुणाचा दोन पिनांचा स्वस्त पंप सरळ भिंतीत खुपसला, की काहीच पडत नसे. ब्रॉडवेचा व्यापारी म्हणाला, "सार, बोर्ड काढा, ती अर्थिंगची तिसरी पिन काढा, मग ऑर्डर देतो." रावसारांनी त्याला फक्त कॉफी पाजली. ऑर्डरी थांबल्या. वाइंडिंगच्या दोघीजणी दुसरीकडे कामाला गेल्या. बंगळूरहून त्यांचा मुलगा फोनवर सांगायचा, "अप्पा, पुरे आता. शेड देऊन टाका, इकडे या." रावसार "सेरी, सेरी" म्हणून फोन ठेवायचे. हो-हो म्हणायचं आणि मनातलं करायचं, ही त्यांची पद्धत. पण त्या दिवसांत फोन ठेवल्यावर ते हिशेबाची वही उघडून बसायचे.

त्याच सुमाराला वसंता नावाच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला. नंगनल्लूरला राहायची. घरी शाळेच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायची. आवाज असा, की मी रिसीव्हर कानापासून लांब धरला तरी रावसारांना टेबलापलीकडे सगळं ऐकू गेलं. तोवर मला तमिळ बऱ्यापैकी कळायला लागलं होतं, आणि कळलं नसतं तरी ती काय म्हणते आहे हे कळलं असतं. दुपारी लाईट जाते आणि परत आली की आमचा बोर्ड पडतो. ती कामात असली की लक्षात येत नाही, हवा बंद राहते. दोन मासे मेले होते. मुलं रडली होती.

"आज संध्याकाळी माझा दीर येतोय," ती म्हणाली. "तुमचा बोर्ड काढून सगळं सरळ जोडून देणार आहे. तुम्हाला फक्त कळवलं."

रावसारांनी रिसीव्हर माझ्या हातातून घेतला. "संध्याकाळीं ना, अम्मा? आम्ही दुपारींच येतों."

गेलो. पुढच्या खोलीत भिंतीला लागून टाकी, लोखंडी स्टँडवर. खाली चटया अंथरलेल्या. शिकवणीची मुलं बसलेलीच होती, अनवाणी, आणि दोघीतिघी टाकीला चिकटून माशांना खाणं घालत होत्या. वसंता कमरेवर हात ठेवून उभी. रावसारांनी आधी मीटरचा बोर्ड पाहून घेतला, मग मुलींना म्हणाले, "जरा लांब बसा, मासे झोपणार आहेत." मुली मागे सरकल्या.

लाईट होती, पण बोर्ड पडलेलाच होता आणि वर केला की पुन्हा पडत होता. रावसारांनी आमचा पंप काढून बाजूला ठेवला. स्विच वर केला. टक्.

"बघा!" वसंता म्हणाली आणि मग थांबली, कारण पंप तर बाहेर होता.

ट्यूबलाइट काढली. टक्. आता बोर्डावर एकच प्लग उरला, हवेच्या छोट्या यंत्राचा. ते स्टँडच्या खालच्या फळीवर, पुस्तकांशेजारी ठेवलं होतं. त्याच्यातून एक बारीक नळी वर जाऊन टाकीत बुडबुडे सोडायची. रावसारांनी प्लग उपसला, यंत्र उचललं आणि तिरकं केलं. त्यातून पाण्याची धार लागली.

"हवेच्या यंत्रात पाणी कुठून आलं?" वसंताने विचारलं. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

रावसारांनी नळी यंत्रापासून सोडवली, तिचं टोक खाली एका पेल्यात धरलं. टाकीतलं पाणी नळीतून आपोआप पेल्यात पडायला लागलं. "लाईट असतांना हें हवा वर ढकलतें. लाईट गेली कीं ढकलणारें कोणी नाहीं. मग पाणीच नळींतून खालीं येतें आणि ह्याच्या पोटांत शिरतें. लाईट परत आली, हें ओलें यंत्र सुरू झालें, तर वॉर्डननें गेट लावलें. तिचें काय चुकलें?" हे सगळं ते तमिळमध्ये म्हणाले, पण मला ते आता त्यांच्या मराठीतच ऐकू येतं.

वसंता यंत्राकडे बघत होती. मग लोखंडी स्टँडकडे. मग त्या स्टँडला टेकून बसायची सवय असलेल्या मुलांकडे. सगळीच्या सगळी मुलं लोकांची होती. ती खाली चटईवरच बसली.

"दीर संध्याकाळी येऊन हा बोर्ड काढणार होता," ती म्हणाली.

मला वाटलं आता रावसार काहीतरी कडक बोलतील. ते म्हणाले, "येऊं दे कीं. त्याच्याकडून इथें वर एक फळी ठोकून घे. यंत्र पाण्याच्या वर बसलें कीं पाणी त्याच्याकडे चढत नाहीं. नवें यंत्र मात्र घ्यावें लागेल." मग मुलांकडे वळून त्यांनी विचारलं, "पाणी खालून वर कां जात नाहीं? कोण सांगतो?" आणि पुढचा अर्धा तास त्या खोलीत गणिताऐवजी पेले, नळ्या आणि ओल्या चटया यांचाच तास झाला. निघताना वसंताने आम्हाला कॉफी दिली. रावसारांनी तिच्या सगळ्या वायरींना पोटं सोडली आणि मगच पेल्याला हात लावला.

मी समजले की प्रकरण मिटलं. मला वसंता अजून कळायची होती.

तिने शिकवणीच्या प्रत्येक मुलाच्या आईला बोलावून पेला आणि नळीचा प्रयोग करून दाखवला. ज्यांच्या घरी टाकी होती त्यांच्या घरी ती स्वतः जाऊन आली. ज्यांच्या घरी नव्हती त्यांना तिने न्हाणीघरातल्या गिझरबद्दल विचारलं. तो सगळा रस्ता आणि मागचाही रस्ता तिने पिंजून काढला. काही दिवसांनी ब्रॉडवेच्या व्यापाऱ्याचा फोन आला. आवाजात रडवेला राग.

"सार, लोक येऊन 'ट्रिप होणारा पंप द्या' म्हणताहेत. मी म्हणतो, हा घ्या, हा कधीच ट्रिप होत नाही. तर म्हणतात, मग नको!"

रावसारांनी मला खुणेने जवळ बोलावलं आणि फोन माझ्या कानाला लावला. "हें त्याच्याच तोंडून ऐक," ते म्हणाले. "मी सांगितलें तर तुज खरें वाटणार नाहीं." तो माणूस पलीकडून तेच वाक्य पुन्हा बोलला. मला हसू आवरेना.

म्हणून काही आमचा मोठा कारखाना झाला नाही. शेड तेवढीच राहिली. पण वाइंडिंगच्या सोडून गेलेल्या दोघींपैकी एक परत आली, आणि मुलाचे शेडबद्दलचे फोन हळूहळू बंद झाले. एकदा तो सुट्टीत आला, तेव्हा रावसारांनी त्याला तपासणीच्या टेबलापाशी उभं करून सगळं समजावलं. तो बंगळूरला गेल्यावर त्याने आपल्या फ्लॅटचा बोर्ड उघडून बघितला आणि वडिलांना फोन करून तिथल्या वायरींबद्दल चांगला तासभर बोलला. बापलेकांचं इतकं लांब बोलणं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

पुढे माझ्या नवऱ्याची बदली पुण्याकडे झाली. मी सांगितलं तेव्हा रावसार म्हणाले, "जा. तिकडे चांगली मराठी बोल, त्यांना शिकव." त्यानंतर दोन दिवस ते कुठे गायब होते ते मला नंतर कळलं. नंगनल्लूरला जाऊन, माझ्या जागी तिला पाठवावं म्हणून, वसंताच्या नवऱ्याची आणि सासूची समजूत काढत होते. सकाळी शेड, दुपारनंतर शिकवणी, अशी तिची वेळ ठरली. सगळी तपासणी मी तिला शिकवली. तिला एकदा सांगितलेलं पुन्हा सांगावं लागत नसे. प्रश्न मात्र ती इतके विचारायची, की काही उत्तरं मला घरी जाऊन जुनी पुस्तकं काढून शोधावी लागली.

माझा शेवटचा दिवस. कोइमतूरच्या एका व्यापाऱ्याचा माल जायचा होता, टेम्पो दारात लागलेला. वसंता पहिल्यांदाच एकटीने तपासणीला बसली होती. भरलेल्या एका पेटीतला एक पंप तिने नमुन्याला काढून लावला आणि टक्, स्विच पडला. तिने तो काढून बाजूला ठेवला आणि भरलेल्या सगळ्या पेट्या पुन्हा उघडायला सांगितल्या.

"अगो, एकच पडला," रावसार म्हणाले. "बाकीचे तपासून भरलेले आहेत. टेम्पो थांबला आहे."

"हाही तपासूनच भरलेला होता ना, सार?"

"चुकून राहिला असेल."

"असेल. मग असं करा, सार." ती शांतपणे म्हणाली. "ज्या घरात मुलं आहेत त्या घरात यातली कोणती पेटी जाणार आहे, तेवढं मला सांगा. ती एक उघडते, बाकीच्या पाठवून द्या."

 टेम्पोवाला दारात येऊन उभा राहिला.  रावसार माझ्याकडे वळले आणि वसंताला कळू नये म्हणून मराठीत म्हणाले, "ही तुजहून वाईट आहे."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. इतकं आनंदी तोंड मी त्यांचं त्या सगळ्या काळात कधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी टेम्पोवाल्याला उद्या यायला सांगितलं. वेष्टी गुडघ्यापर्यंत दुमडली, बायकांमध्ये खाली बसले आणि पहिल्या पेटीची पट्टी कापली. कुणीतरी कॉफी सांगितली. वसंता एकेक पंप मागत होती, त्या देत होत्या, आणि रावसार मधेच तिच्याशी वाद घालत होते आणि हरत होते. मी पर्स खांद्याला लावून निरोप घ्यायला उभी होते. कुणाचंच लक्ष नव्हतं. थोडा वेळ तशीच थांबले, मग कुणाला हाक न मारता बाहेर पडले. वसाहतीच्या फाटकापर्यंत मला वसंताचा आवाज ऐकू येत होता.